डब्याचा वळ

मित्रांनो, मी एक मेलेला जिवाणू आहे. जुना म्हणालात तरी चालेल, कारण मला काचेच्या पट्टीवर चिकटवून आता सात वर्षं झाली. माणसं मला बोरेलिया म्हणतात, आणि माझ्यामुळे जो आजार होतो त्याला लाइम म्हणतात. उघड्या डोळ्यांना मी दिसत नाही. तुमच्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत माझ्यासारखे दोनशेहून जास्त जण शेजारी शेजारी मावतील. लांबीला मात्र मी बरा आहे. माझं अंग स्क्रूसारखं पिळाचं आहे.

शाळेतली मुलं या प्रयोगशाळेत येतात, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतात आणि म्हणतात, "केवढासा आहे हो!" मला त्याचं काही वाटत नाही. पण माझ्या गोष्टीत एक बाई आहे. ती वाचायला हवी होती आणि ती वाचू शकली असती. म्हणून मी ही गोष्ट सांगतो.

माझा जन्म कधी झाला ते मला सांगता येणार नाही. आमच्यात आई नसते. एक जण लांब होतो, मधोमध बारीक होतो आणि दोन होतात. त्यातला जुना कोण आणि नवा कोण, हे त्या दोघांनाही ठाऊक नसतं. म्हणून मी जेव्हा 'मी' म्हणतो तेव्हा त्यात माझ्या आधीचेही आले आणि बरोबरचेही आले, असं समजा. काही जिवाणू वीस मिनिटांत दोनाचे चार होतात. आम्हांला त्यासाठी अर्धा दिवस, कधी पूर्ण दिवस लागतो. आम्ही सावकाश वाढतो, म्हणूनच आम्ही आलो आहोत हे माणसाला उशिरा कळतं.

पुष्कळ जिवाणूंना पोहण्यासाठी बाहेरून शेपट्या असतात. आमच्या शेपट्या कातडीच्या आत असतात. त्या आतल्या आत फिरतात आणि आमचं सगळं अंग स्क्रूसारखं फिरत पुढे जातं. पाण्यात आम्ही फार शूर नाही, पण जिथे दाट, चिकट, गिचमिड असेल तिथे बाकीचे अडकतात आणि आम्ही वाट काढतो. कातडी, सांधे आणि स्नायू असेच दाट असतात.

आणखी एक सांगतो. माणसाच्या शरीरात शत्रू शिरला की शरीर लोह लपवून ठेवतं, म्हणजे शत्रू उपाशी मरतो. आमच्यापुढे ही युक्ती चालत नाही. आम्हांला लोह लागतच नाही, आम्ही मँगनीजवर भागवतो. पण बाकी बाबतींत आम्ही अगदी कंगाल आहोत. स्वतःचं अन्न स्वतः करण्याची अक्कल आमच्यात नाही. चरबी, प्रथिनांचे तुकडे, सगळं दुसऱ्याच्या घरातून उचलायचं. घराबाहेर उघड्यावर आम्ही जगत नाही. जन्मभर कुणाच्या तरी आत राहायचं, एवढंच आमच्या नशिबात आहे.

माझं पहिलं घर एक रानउंदीर होता. तो आजारी नव्हता. आम्ही त्याच्या कातडीत राहत होतो आणि तो बिया गोळा करत हिंडत होता. त्याचं आमचं भांडण नव्हतं. एका उन्हाळ्यात त्याच्या कानामागे गोचिडीचं पिल्लू चिकटलं. गोचीड अंड्यातून बाहेर येते तेव्हा तिच्यात आम्ही नसतो. आईकडून आम्ही तिला मिळत नाही. पहिल्या जेवणातच ती आम्हांला घेते. तिने उंदराचं रक्त प्यायलं आणि त्या रक्ताबरोबर मी तिच्या पोटात गेलो.

मग उपासमार सुरू झाली. गोचीड आयुष्यात तीनदाच जेवते, लहानपणी एकदा, तरुणपणी एकदा आणि म्हातारपणी एकदा. एका जेवणानंतर ती पानांच्या कचऱ्याखाली जाऊन पडली, कात टाकली, सहा पायांची आठ पायांची झाली. संपूर्ण थंडी गेली. मी तिच्या आतड्याला चिकटून होतो. खायला जवळजवळ काही नव्हतं. त्या वेळी माझ्या अंगावर एक विशिष्ट अंगरखा होता. तो गोचिडीच्या आतड्याला धरून बसण्यासाठीच असतो. तो अंगरखा घालून मी मेल्यासारखा पडून राहिलो.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला गोचीड वर आली. आता ती खसखशीच्या दाण्याएवढी झाली होती. ती गवताच्या पात्यावर चढली आणि पुढचे दोन पाय पसरून बसली. गोचिडीला उडी मारता येत नाही, उडताही येत नाही. ती फक्त वाट बघते. कुणीतरी घासून गेलं की धरते.

त्या दिवशी एक बाई घासून गेली.

ती झाडांवर आकडे घालायची. डोंगराच्या उतारावर लावलेली झाडं होती. कुठलं तोडायचं आणि कुठलं ठेवायचं, ते ठरवण्यासाठी प्रत्येक झाडावर पांढरा पट्टा ओढून त्यावर काळा आकडा लिहायचा. तिच्याबरोबर एक जोडीदारीण असायची. ती टेप लावून खोडाचा घेर मोजायची आणि आकडा ओरडायची. बाई एक गुडघा जमिनीला टेकायची, दुसरी मांडी आडवी धरायची, त्या मांडीवर रंगाचा डबा ठेवायची आणि आकडा लिहायची. दिवसभरात दीडशे झाडं व्हायची. म्हणजे दिवसातून दीडशे वेळा तो डबा त्याच मांडीवर टेकायचा.

"ताई, तुमचा आठ बघा," जोडीदारीण म्हणायची. "आपल्या मुकादमासारखा दिसतो. खालचं पोट सुटलेलं."

बाई हसायची आणि पुढच्या झाडाकडे जायची. ती कमी बोलायची. तुम्ही विचाराल, जिवाणूला कान कुठले? बरोबर आहे. पण भाडेकरूला मालकाच्या घरातलं सगळं कळतं ना? तसंच हे समजा. मी तिच्या कातडीत आणि रक्तात राहिलो. ती हसली की मला कळायचं, आणि ती काही बोलायचं मनात आणून गप्प राहिली की तेही कळायचं.

गोचीड पायजम्याच्या आतून वर चढली आणि मांडीवर पुढच्या बाजूला, डबा टेकायचा त्याच्या जवळच चावली. चावल्याचं बाईला कळलं नाही. गोचिडीच्या लाळेत कातडी बधिर करणारं काहीतरी असतं. गरम रक्त आत आलं आणि आम्ही सगळे जागे झालो. अंगरखा बदलायचा होता. आतड्याला धरून ठेवणारा काढायचा आणि दुसऱ्या जिवात शिरण्यासाठीचा चढवायचा. मग आतड्यातून निघून लाळेच्या ग्रंथींपर्यंत जायचं. याला वेळ लागतो. साधारण दीड-दोन दिवस.

मित्रांनो, हे दीड-दोन दिवस नीट लक्षात ठेवा. त्या वेळात कुणी गोचीड काढली असती तर माझी गोष्ट इथेच संपली असती, आणि मला तेच आवडलं असतं.

पहिल्या संध्याकाळी आंघोळीच्या वेळी बाईला मांडीवर काळा ठिपका दिसला. पण तिच्या हातांवर, पायांवर, कानामागेसुद्धा काळ्या रंगाचे ठिपके असायचेच. रंग वाळला की तो आंघोळीने जात नाही. आपोआप निघेल म्हणून तिने सोडून दिलं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी तिने नखाने खरवडलं, तेव्हा ठिपका निघून पाण्याबरोबर वाहून गेला. तोवर मी आत आलो होतो. गोचिडीची लाळ मी अंगाला फासून घेतली होती. ती लाळ असली की शरीराचे पहारेकरी आम्हांला चटकन ओळखत नाहीत.

आठवड्याने तिच्या मांडीवर लाल गोल उठला. आम्ही चावल्याच्या जागेपासून चारी बाजूंना निघालो होतो. जिथपर्यंत आम्ही जातो तिथपर्यंत पहारेकरी धावून येतात आणि कातडी लाल होते. मागची जागा फिकी पडत जाते. म्हणून ते रिंगण दिसतं. ते खाजत नव्हतं, दुखतही नव्हतं.

बाईचा नवरा खुर्च्या आणि सोफे दुरुस्त करायचा. जुनं कापड उसवायचं, फोम बदलायचा, नवीन कापड ताणून ठोकायचं. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं काम चालायचं. तिथे लांब टेबल होतं, कापडांचे गठ्ठे होते आणि सगळीकडे फोमचा भुसा उडत असायचा. तो खूप बोलायचा. बायकोच्या वाटणीचंही तोच बोलायचा. तिला तो आकडेबाई म्हणायचा.

"आकडेबाई, हे काय झालंय मांडीला?"

"काय माहीत. कालपासून आहे."

त्याने चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाकून पाहिलं. मग त्याने कोपऱ्यातला रंगाचा डबा आणला आणि तिच्या मांडीवर धरला. डब्याचा तळ आणि लाल रिंगण जवळजवळ एकाच मापाचं होतं.

"बघ! डब्याचा वळ आहे हा. अगं, दिवसाला दीडशे वेळा तो पत्रा मांडीत रुततो. रिंगण नाही उठणार तर काय होणार?"

"दुखत तर नाही."

"तुला कधी काय दुखतं? दात किडला तेव्हासुद्धा शेजारच्या काकूंनी सांगितलं तेव्हा मला कळलं."

ती हसली. त्याने लगेच मापाची पट्टी काढली, तिच्या मांडीचं माप घेतलं आणि दोन बोटं जाडीचा फोम कापला.

"अहो, तुमच्या हातात सुई आली की माणूससुद्धा सोफा दिसायला लागतो तुम्हांला."

"सोफा मुकाट्याने बसून राहतो. तू हलू नकोस."

त्याने फोमला मऊ कापड लावून पट्टा शिवला, म्हणजे मांडीला बांधता येईल. वर डबा ठेवण्यासाठी गोल खोबण केली. काम अगदी सुबक होतं. त्याच्या हातून आजवर वाईट काम झालं नव्हतं. तिने दुसऱ्या दिवशी तो बांधला आणि जोडीदारणीला दाखवला.

"बाई गं," जोडीदारीण म्हणाली, "माझ्या नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणेल, डबाच नेऊ नकोस."

मी हे सगळं ऐकत होतो आणि पुढे सरकत होतो. रिंगण डब्यापेक्षा मोठं झालं. नवऱ्याला वाटलं फोम कमी पडला. त्याने आणखी एक थर घातला.

पुढे तिला ताप आला. मान आखडली, अंग मोडून आलं. तिसऱ्या दिवशी नवरा तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. दवाखान्यात गर्दी होती, बाहेर बाकावर अकरा माणसं बसली होती. डॉक्टर दमले होते, पण त्यांनी विचारायचं ते विचारलं.

"ताप किती दिवसांपासून?"

"तीन दिवस," नवरा म्हणाला.

"अंग दुखतं का?"

"दुखतं म्हणजे काय, काल तर कूस बदलता येईना."

"अंगावर कुठे लाल चट्टा वगैरे? पुरळ?"

हा प्रश्न बाईकडे बघून विचारला होता. तिने तोंड उघडलं. तिचा हात मांडीकडे गेला. मी त्या हाताच्या अगदी खाली होतो. मला वाटलं, झालं, आता मी सापडलो.

"चट्टा कसला हो डॉक्टर," नवरा म्हणाला. "डब्याचा वळ आहे तो. मांडीवर रंगाचा डबा ठेवून काम करते ना ती. त्याचा बंदोबस्त मी केलाय."

डॉक्टर बाईकडे बघत राहिले. "डब्याचाच का?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तिने हात परत घेतला. "असेल," ती म्हणाली.

डॉक्टरांनी तापाच्या गोळ्या लिहून दिल्या. कामावर गवत असतं का, काही चावलं होतं का, हे त्यांनी विचारलं नाही. बाईनेही ते सांगितलं नाही. आणि ज्याने सगळं सांगितलं त्याला ठाऊक नव्हतं. त्या दवाखान्यात कपाटात अशा गोळ्या होत्या की त्यांनी मी दोन-तीन आठवड्यांत संपलो असतो. मी त्या कपाटापासून चार हातांवर होतो.

ताप उतरला. मग रिंगणही हळूहळू फिकं झालं. मित्रांनो, ते आपोआपच जातं. औषध घेतलं नाही तरी जातं. ते गेलं म्हणजे आम्ही गेलो असं नसतं. आम्ही तिथून उठून दुसरीकडे गेलेलो असतो. पण हे त्या घरात कुणाला ठाऊक असणार?

"बघितलंस?" नवरा म्हणाला. टेबलावर बसून तो चहा पीत होता. "एक औषध नाही, मलम नाही. नुसत्या गादीने वळ गेला. डॉक्टरांना नेऊन दाखवली पाहिजे."

"दाखवा," ती म्हणाली. "एखादी त्यांच्याही मांडीला शिवा."

तो पोट धरून हसला. ते हसणं मला आठवतं. त्या वेळी मी तिच्या हृदयात पोचलो होतो.

तिथे काय झालं ते सांगतो, घाबरू नका. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यांना सतत निरोप जात असतो, आता आकुंचन पाव, आता आकुंचन पाव. तो निरोप एका अरुंद वाटेने जातो. आम्ही त्या वाटेवर उतरलो. आम्हांला विष नाही. आम्ही काहीही कुरतडत नाही. पण आम्ही दिसलो की शरीराचे पहारेकरी धावत येतात आणि आमच्याशी झटापट करतात. आम्ही अंगरखे बदलत राहतो, त्यांना आम्ही ओळखू येत नाही, मग आणखी पहारेकरी येतात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं होतं. सूज आली ती हृदयाला. निरोप उशिरा पोचू लागले. मधले काही पोचेनासे झाले.

बाईला जिने चढताना दम लागायला लागला. उतारावर एकदा तिला अंधारी आली, म्हणून तिने झाडाला धरलं. ओल्या रंगात पंजा उमटला.

"ताई, काय होतंय?" जोडीदारणीने विचारलं.

"काही नाही. उन्हामुळे."

"कसलं ऊन? ढग आलेत. नाडी बघू." जोडीदारणीने तिचं मनगट धरलं. "किती सावकाश चाललीय ही! माझे दोन ठोके होतात तेव्हा तुमचा एक. घरी सांगा ताई. आजच सांगा."

ती घरी आली. नवरा एका मोठ्या सोफ्याचं काम करत होता. ते काम शनिवारी द्यायचं होतं. ती बराच वेळ दारात उभी राहिली.

"काय गं?" त्याने तोंडातल्या खिळ्यांमधून विचारलं.

"मला जरा बरं वाटत नाही. छातीत... थांबून थांबून होतं."

त्याने खिळे हातावर काढले. तो खरंच घाबरला होता. "उद्या जाऊ?"

"तुमचं काम होऊ द्या. सोमवारी जाऊ."

"नक्की ना? आत्ता नको ना?"

"सोमवारी."

तुम्ही त्याला वाईट म्हणू नका. त्याने विचारलं होतं. ती नाही म्हणाली, आणि ती कधी नाही म्हणाली की तो ते खरं मानायचा. आजवर त्यांचं तसंच चाललं होतं आणि कधी बिघडलं नव्हतं.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला सोफ्याच्या पाठीला शेवटचं कापड चढवायचं होतं. लांब कापड असलं की ती एक टोक धरायची आणि तो दुसऱ्या टोकाने ताणून ठोकायचा. वीस वर्षं ते असंच करत होते. तो खाली वाकून ठोकत होता.

"ओढ जरा," तो म्हणाला.

कापड ताठ झालं.

"अजून थोडं. आकडेबाई, ताकद कुठे गेली? ओढ."

कापड सैल पडलं. तो हातोडी घेऊन तसाच वाकलेला होता. "अगं, सोडतेस काय," असं म्हणत त्याने मान वर केली. ती सोफ्याच्या मागे जमिनीवर बसली होती, भिंतीला टेकून, टोक हातात धरून. त्याला क्षणभर वाटलं ती दम खातेय.

निरोप पोचायचा पूर्ण थांबला होता.

त्याने तिला हलवलं, हाका मारल्या, शेजारच्या काकूंना ओरडून बोलावलं, गाडी आणली. मी हे सगळं तिच्या आत होतो तिथून पाहिलं. मला पळून जायला जागा नव्हती. माणसाच्या शरीरातून आम्ही पुढे कुठेच जात नाही. कुठलीही गोचीड आम्हांला तिथून परत उंदराकडे नेत नाही. माणूस म्हणजे आमचा शेवटचा थांबा. तिच्याबरोबर आम्हीही संपलो. तिचा जीव गेला आणि आमचंही काही साधलं नाही. याहून व्यर्थ मरण मी ऐकलेलं नाही.

धडधाकट बाई अशी कशी गेली, हे पाहणं भाग होतं. तिच्या हृदयाचा लहानसा तुकडा या प्रयोगशाळेत आला. इथल्या डॉक्टरीणबाईंनी तो मेणात बसवला, त्याचे पापुद्र्याहून पातळ काप काढले आणि त्यांवर चांदीच्या क्षाराचा रंग चढवला. आमच्यासारखे पीळवाले त्या रंगात काळे दिसतात. त्यांनी डोळा लावला, भिंग फिरवलं आणि त्यांना आम्ही दिसलो. मग त्यांनी नवऱ्याला निरोप पाठवला.

तो आला तेव्हा त्याची दाढी वाढली होती आणि बाहीला फोमचा भुसा चिकटला होता. तो खुर्चीवर टेकला नाही.

"त्यांच्या अंगावर आधी कुठे लाल चट्टा उठला होता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "गोल, मोठा होत जाणारा?"

त्याने बाहीवरचा भुसा झटकला.

"होता," तो म्हणाला. "मांडीवर. मी म्हटलं डब्याचा आहे."

डॉक्टरीणबाईंनी त्याला सगळं समजावून सांगितलं. गोचीड, रिंगण, ताप, हृदय. मग त्याने विचारलं, "मला बघता येईल?" त्यांनी मला भिंगाखाली ठेवलं. त्याने चष्मा काढला आणि तो वाकला. आम्ही दोघांनी एकमेकांना पाहिलं, असं मी म्हणेन.

"हा?" तो म्हणाला. "हा धाग्याचा तुकडा?"

"तोच."

"याला काय हवं होतं?"

"काही नाही. राहायला जागा आणि खायला. याला कुणाला मारायचं नसतं. मारून याचाही फायदा नाही."

त्याने भिंगावरून डोळा काढला. मग सरळ उभा राहिला. "ती वाचली असती का?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रिंगण होतं तेव्हा औषध मिळालं असतं तर बहुधा..."

"बहुधा नको. नीट सांगा."

"वाचली असती."

त्याने मान हलवली. "बरं केलंत. सगळे मला सांगतात, तिची वेळ आली होती. मी मान डोलावतो. पण वेळ काही आली नव्हती. वाचवायला वेळ होता." तो दाराकडे गेला आणि परत आला. "ही काच टाकू नका. शाळेची मुलं येतात ना इथे? त्यांना दाखवा. आणि माझी चूकही सांगा. डॉक्टर तिला विचारत होते आणि मी बोललो. तिला सांगायचं होतं. ते सांगा मुलांना."

म्हणून मी इथे आहे. दोन वर्षं मी कपाटाच्या तळाशी पडून होतो, कारण मधे डॉक्टरीणबाईंची बदली झाली आणि नव्या माणसाला मी कोण ते ठाऊक नव्हतं. पट्टीवर धूळ बसली होती. मग त्या परत आल्या आणि त्यांनी मला पुसून बाहेर काढलं. विद्यार्थी माझी स्तुती करतात. काय सुरेख पीळ आहे, म्हणतात, चांदी किती छान बसलीय. ती स्तुती मला नको आहे.

मित्रांनो, गवतातून, झाडीतून घरी आलात की कपडे काढून अंग बघा. गुडघ्यामागे, काखेत, मांडीवर, केसांत. जिथे तुम्हांला दिसत नाही तिथे घरच्यांना बघायला सांगा. काळा ठिपका दिसला तर त्याला पाय आहेत का ते बघा. गोचीड असेल तर बारीक चिमटा घ्या, कातडीच्या अगदी जवळ धरा आणि सरळ वर ओढा. तेल ओतू नका, चटका देऊ नका, ती आपोआप गळेल म्हणून वाट बघू नका. लाल गोल उठला आणि मोठा होत गेला, तर तो कशाचा आहे ते घरात ठरवू नका. तो दुखत नसला तरी डॉक्टरांना दाखवा, आणि आपण कुठे काम करतो तेही सांगा.

आणि डॉक्टरांनी ज्याला प्रश्न विचारला, त्यालाच उत्तर देऊ द्या. तुमची आई असो, बहीण असो, आजोबा असोत. तुम्हांला उत्तर येत असलं तरी गप्प बसा. ते माणूस कमी बोलणारं असेल, तर जरा जास्त वेळ थांबा.